सगळी बटणं शून्यावर

मिलिंद, आईंनी तुझी सगळी बटणं शून्यावर आणून ठेवली.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुऊन-पुसून काढायचं होतं. तुझ्या मागच्या खोलीत पाय टाकायचा माझा धीर होईना, तेव्हा तुझ्या आईच पदर खोचून आत गेल्या. ओल्या फडक्याने गिटार पुसली, तो अवजड ॲम्प पुसला, आणि माझ्या किचन ट्रॉलीची उरलेली फळी ढापून तिच्यावर तू गिटारचा आवाज बदलणारी जी तीन पेडलं चिकटवली होतीस ना, तीही पुसली. पुसता पुसता एकेक बटण अडेपर्यंत डावीकडे फिरवलं. ॲम्पचीसुद्धा. बाहेर येऊन पदराला हात पुसत मला म्हणतात, "किती दिवस सगळं चालूच ठेवलेलं गो. गॅससारखं नीट बंद केलंय मी. आता काळजी नाय."

मी म्हटलं, "बरं केलंत, आई." मला तरी कुठे माहीत होतं काय गेलं ते! आपलं लग्न झाल्यापासून तू ती बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे करत ज्या जागी आणून ठेवलेलीस, ती जागा एका फडक्याने गेली. आणि तू कुठे काही लिहून ठेवलेलं नाहीस. "त्यात लिहायचं काय, कानाला कळतं," म्हणायचास. घे आता. कान घेऊन गेलास.

आठवड्याभराने पद्या आला तेव्हा मला कळलं. शाळेपासूनचा तुझा मित्र, तुमच्या बँडमधला बास गिटारवाला आणि रेकॉर्डिंगची सगळी हमाली करणारा पद्या. तुमच्या चार गाण्यांचं काम अर्धवट राहिलेलं, त्याबद्दल बोलायला आला होता. आत गेला आणि फळीपुढे बसूनच राहिला. "वहिनी, ही कोणी हलवली?" मी डोळ्यांनीच बाहेर हॉलकडे खूण केली. तिथे आई तांदूळ निवडत बसलेल्या. पद्याने आवाज खाली आणला आणि बटणांचं मला हळूच सांगितलं. शहाणा आहे तसा.

आता हे पुढचं तुला माहीत आहेच, पण मला आत्ता कुठे समजलंय, त्यामुळे मी बोलणार आणि तू ऐकणार. हॉस्पिटलमधून घरी आलास तेव्हा डॉक्टरांनी तुला मोठा आवाज नको, जड उचलायचं नाही, असं बजावलेलं. तर तू उशीला टेकून, कानाला हेडफोन लावून, गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून वाजवत बसायचास. ॲम्प नाही, पेडल नाही. मी ओरडले की म्हणायचास, "अगं, कोरडं वाजवून ठेवतोय. ॲम्पचं नंतर बघू." मला वाटायचं काहीतरी टाइमपास चाललाय. पद्याने आता समजावलं. ते कोरडं वाजवलेलं कॉम्प्युटरमधून परत बाहेर काढायचं, एका छोट्या डबीतून पेडलांना द्यायचं, पेडलांतून ॲम्पला, आणि ॲम्पसमोर माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करायचं. ॲम्पला वाटतं माणूस समोर बसून वाजवतोय. म्हणजे बोटांचं काम तू संपवून गेला होतास, आवाजाचं राहिलेलं.

पद्याने मला ते कोरडं ऐकवलं. अरे देवा. इतका बारीक आवाज? डब्यावर रबर ताणून वाजवावं तसा. शेवटी शेवटी तू पाणी मागायचास ना, तसला. मी हेडफोन काढून ठेवला आणि रडले. पद्यासमोरच, काहीही लाज न बाळगता, भरपूर रडले. तोही रडला. मग नाक पुसत म्हणाला, "वहिनी, हे असंच नाही वापरता येणार. आणि बटणंही गेली. मी कॉम्प्युटरमधले ॲम्प वापरून बघतो. नाहीच जमलं तर मग... मी वाजवतो परत. सगळ्या चाली पाठ आहेत मला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तू वाजवणार? मग त्याचं काय राहिलं त्यात? नाव?" तो बिचारा म्हणाला, "वहिनी, बँडमधले बाकीचे थांबलेत. त्यालाही गाणी बाहेर यायलाच हवी होती ना?" तेही खरंच होतं. पण या चार गाण्यांत तुझा हात राहणार की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी म्हटलं, "पुढचे थोडे रविवार मला दे. इथेच, याच खोलीत, याच ॲम्पवर. नाही जमलं तर वाजव तू, मी अडवणार नाही."

आणि हे कोण म्हणतंय बघ! मी! ज्या बाईने तुझ्यामागे सतत टुमणं लावलेलं की कॉम्प्युटरमध्ये सगळे आवाज मिळतात तर हे धूड विकून टाक, मला तिथे कपाट हवंय. ठाण्याहून ते आणलंस तो दिवस मी विसरेन का? लग्नानंतरची पहिली दिवाळी, घरात वॉशिंग मशीन नव्हतं आणि साहेब ॲम्प घेऊन आले. ठाकुर्ली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मधल्या सीटवर ॲम्प, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मायक्रोवेव्ह का, वहिनी?" मी म्हटलं, "नाही, सवत." तू इतका हसलास की उतरताना तो ॲम्प आपल्या दोघांच्या हातातून निसटता निसटता राहिला. तेव्हापासून दर दसऱ्याला आई त्याला हळदकुंकू वाहायच्या, आणि तू मला चिडवायचास की सासूने सवतीला पसंत केलंय.

आपलं भांडण तसं कधी मिटलंच नाही. तू म्हणायचास, ॲम्पमधून येतो तो आवाज हवेतून येतो, भिंतींना लागून येतो, म्हणून तो जिवंत. मी म्हणायचे, कानाला काही फरक कळत नाही, उगाच कौतुकं. मग तू डोळे मिटून ऐक म्हणायचास, आणि मी म्हणायचे, डोळे मिटले तर पोळी करपेल.

ते रविवार सुरू व्हायच्या आधी आणखी एक विघ्न आलं. कुडाळच्या आत्याचा फोन. कोणाकडून तरी तिच्या कानावर गेलेलं. "वर्ष होईपर्यंत घरात गाणंबजावणं नको गो सुजाता. लोक काय म्हणतील?" मी हो-नाही करत होते, कारण मलाही क्षणभर वाटलं, खरंच, आईंना काय वाटेल? तर आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. तुला माहितीये, त्या एरवी आपल्याशी सरळ बोलतात, पण नणंद समोर आली की मालवणी सुटते. म्हणाल्या, "वाजयता कोण? माझोच झील मां? मगे लोकांक कित्याक इचारूचा?" आणि फोन ठेवला. मी बघतच राहिले. आपल्या मुलाने आपल्या घरात वाजवायला कोणाची परवानगी, असं म्हणून त्या परत तांदूळ निवडायला बसल्या. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडलेही. म्हणाल्या, "काय गो हे, सणवार आहे का आज?"

पहिला रविवार पूर्ण फुकट गेला. पद्या फळीपुढे मांडी घालून बसला, मी तुझ्या खुर्चीत. खिडकीवर आवाज अडवायला तू लावलेली आईंच्या हातची गोधडी तशीच टांगलेली. त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि ॲम्पमधून तू वाजायला लागलास. म्हणजे वाजत कोणीतरी होतं, पण तू नव्हतास. पद्या बटण फिरवून विचारायचा, "हा?" मी म्हणायचे, "नाही." ते आवाज घोगरा करणारं पेडल वाढवून, "हा?" "छे, घसा बसल्यासारखा वाटतोय." प्रतिध्वनी सोडणारं पेडल वाढवून, "आता?" "विहिरीत पडलाय का तो?" शेवटी पद्या वैतागला. "वहिनी, रागावू नका, पण तुम्हाला गिटारमधलं काय कळतं? तुम्ही या खोलीत कधी बसून ऐकलंय?"

बोलला आणि जीभ चावली त्याने. पण बोलला ते खरं होतं. मी कधी बसले होते तिथे? तू आत वाजवायचास तेव्हा मी भिंतीच्या पलीकडे, ओट्याशी. मला राग आला आणि मी "चहा टाकते" म्हणून तरातरा उठले. पद्यानेही रागारागाने एक बटण फिरवलं आणि गाणं परत लावलं.

मी आधण ठेवलं, साखर टाकली, आलं किसायला घेतलं, आणि माझा हात थांबला. मिलिंद, तू आला होतास. पूर्ण नाही, दारात उभा असल्यासारखा. भिंतीतून, त्या पिठाच्या डब्यामागून, इतकी वर्षं यायचास तसा. मी तिथूनच किंचाळले, "पद्या, हात लावू नकोस! तिथेच थांब!" तो घाबरून पळत आला, त्याला वाटलं मला भाजलं. मी म्हटलं, "जा आत. मी इथून सांगते. तू फक्त फिरव."

मग आमचं खरं काम सुरू झालं. तो आत, मी ओट्याशी, मधे भिंत. "घोगरं कमी कर. अजून. अरे इतकं नाही, बाबा! हां." "ती थरथर हवी, पण त्याला थंडी वाजल्यासारखी नको." मला त्या पेडलांची नावं येत नव्हती, पण आवाज मला माहीत होता. तू वाजवताना मी किती मण कणीक मळली असेल! तुझा हात आधणाला कढ येतो तसा सावकाश सुरू व्हायचा, मग कुठेतरी मधे तू जोर लावायचास आणि ॲम्प फाटायचा, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या भांड्याच्या फळीवरची एक वाटी किणकिणायची. आणि तूही मला ऐकायचास, नालायका. आतून ओरडायचास, "सुजाता, लाटणं पळतंय! ताल धर!" मी ओरडायचे, "तू ये लाटायला!" एकदा खरंच आलास, कणीक मळलीस, आणि तसाच जाऊन गिटार उचललीस. तारांवर वाळलेलं पीठ आठवडाभर निघत होतं.

तू बाहेर येऊन विचारायचास, "कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "बरंय." त्याच्यापुढे आपण कधी गेलो नाही. तुला माझ्या 'बरंय'मधलं सगळं कळायचं, मला तुझ्या विचारण्यातलं. तरी एकदा नीट सांगते. मला आवडायचं. फार आवडायचं. दिवसभर बँकेत लोकांची तोंडं बघून घरी यायचे आणि भिंतीपलीकडे तू वाजवायला लागलास की मला वाटायचं, चला, घरी आले.

तर पुढच्या रविवारी आईही तांदूळ निवडायचं सूप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आम्ही दोघी ऐकायला. त्यांचा कान माझ्यापेक्षा तिखट निघाला. मी "बास, हेच" म्हणायचे, त्या मान हलवायच्या. "नाय. शेवटी तो स्वर ओढून धरायचा, तेव्हा रडवायचा. हा रडवत नाय." पद्या आतून म्हणायचा, "काकू, किती वाढवू?" आणि काकू म्हणायच्या, "मी सांगेन तेव्हा थांब." मधेच त्या उठल्या, खोलीत गेल्या. पद्याच्या हाताकडे बघत राहिल्या. तो शून्यावरून एकेक बटण कसा वर आणतोय ते बघितलं आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. पद्याला म्हणाल्या, "प्रदीप, मी फिरवलं त्याने गेलं का रे सगळं?"

पद्या क्षणभरही थांबला नाही. "नाही ओ काकू! रेकॉर्डिंगला बसायच्या आधी सगळी शून्यावरच आणायची असतात. तुम्ही माझं काम वाचवलंत." इतकं सफाईदार खोटं! मी त्याला चहाबरोबर दोन जास्तीचे बेसनाचे लाडू दिले. त्याची ती 'मीच वाजवतो'ची गोष्टही तिथेच माफ करून टाकली.

आणि मग एका दुपारी मिळाला आवाज. तिसऱ्या गाण्याच्या मधल्या भागात. आईंच्या हातातले तांदूळ हातातच राहिले, माझ्या फळीवरची वाटी किणकिणली. दोघी एकमेकींकडे बघत होतो. पद्याने आतून विचारलं, "वहिनी? काय झालं? बिघडलं का?" मी ओरडले, "हलू नकोस!" कपाटातून माझं लाल नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक बटणाशी एकेक ठिपका दिला. आता कोणीही पुसू दे.

पद्याने त्यावर एक शहाणपणा केला. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आवाज इथे मिळाला, तर माइकही इथेच हवा." एक माइक ॲम्पसमोर राहिला, दुसरा पिठाच्या डब्यावर. फ्रिजची घुरघुर येते म्हणून फ्रिज बंद केला. कुकरला हात लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, आईंनी खोकायचं नाही. जेवण बाहेरून मागवलं. तुझ्या गिटारपायी माझं स्वयंपाकघर शेवटी बंद पडलं एकदाचं! तू असतास तर घर डोक्यावर घेऊन नाचला असतास. आणि हो, ते आपलं भांडण. पद्याने कॉम्प्युटरमधल्या ॲम्पवर केलेलंही मला ऐकवलं, मुद्दाम, न सांगता. मी पहिल्याच तुकड्याला म्हटलं, हे नाही. तू जिंकलास, जा. ॲम्प कुठेही जाणार नाही. कपाट मी हॉलमध्ये करून घेईन.

कोरड्या रेकॉर्डिंगमध्ये जे कानाला लागलंच नव्हतं, ते ॲम्पवर आलं. तुझा हात. हळू छेडलीस तिथे तो हळू बोलतो, जोर दिलास तिथे फाटतो. आजारात वाजवलेलं आहे, म्हणून मला भीती होती. पण मिलिंद, हात अजिबात आजारी नव्हता रे. खणखणीत होता. तुझी ती शेवटची दुखणाईत मूर्ती डोळ्यांसमोरून हलत नव्हती, ती आता हलली. आता तुझी आठवण आली की आधी तो हात येतो.

चारही गाणी होतील आता. आणि तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आणखी बरंच कोरडं पडलंय, नावं नसलेलं, सुरुवात नसलेलं, अर्ध्यावर सोडलेलं. ते सगळं एकेक करून काढायचं असं आम्ही तिघांनी ठरवलंय. पद्याला रविवार दुपार लिहून दिली आहे. आई म्हणतात, तोपर्यंत त्यांना मरायला वेळ नाही.

गेल्या रविवारी शेवटचं, चौथं गाणं चालू होतं. दुपारची वेळ. तू जिथे सगळ्यात जोरात वाजवतोस तो भाग. दाराची बेल वाजली. पद्याने कपाळाला हात लावला, म्हणजे सगळं परत करावं लागणार. मी तणतणत जाऊन दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे दातार काका. झोपेतून उठून आलेले, गंजी, लेंगा, केस उभे. तुझ्या वाजवण्यावरून इतकी वर्षं दर काही दिवसांनी वर यायचे तसेच. आतून तू वाजत होतास. ते नेहमीच्या त्याच सुरात म्हणाले, "अगं सुजाता, त्याला जरा सांग गं. दुपारची वेळ आहे, माणसं पडलेली असतात. आवाज थोडा कमी कर म्हणावं."

आणि बोलता बोलता त्यांना आठवलं. स्मशानापर्यंत तुला खांदा दिला होता त्यांनी. त्यांनी दाराची चौकट धरली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत, मागच्या खोलीच्या दिशेने. मी हसत होते, मिलिंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते, कारण हा तूच का, हे मला आता कोणालाच विचारायची गरज नव्हती. म्हटलं, "सांगते, काका." ते "नको, नको... राहू दे" असं काहीतरी पुटपुटले आणि कठड्याला धरून खाली गेले.

पण मी सांगते म्हटलंय, तर सांगायला हवं. मिलिंद, खालचे दातार काका आले होते. आवाज कमी कर म्हणतात.

करू नकोस.